स्वेच्छेने पत्करलेले पारतंत्र्य

रामायणातील बिभीषणाच्या शरणागतीचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने कीर्तनात, पुराणात किंवा आजीच्या तोंडून केव्हा ना केव्हा ऐकलेला असतो. रावणास त्याने हिताच्या चार गोष्टी सांगून पाहिल्या. रावणाने त्या मानल्या तर नाहीतच, उलट भरसभेत त्याचा अपमान केला. तेव्हा बिभीषण चार सोबत्यांसह समुद्र ओलांडून रामाच्या छावणीपाशी येऊन उभा राहिला. वाल्मीकीने येथे मोठा मार्मिक वाद घातला आहे. संकटात सापडलेल्या सख्ख्या भावास जो सोडून येतो, तो उद्या आणखी कोणास सोडणार नाही, असा सुग्रीवाचा आक्षेप आहे. आणि शरण आलेल्यास अभय देणे हे आपले व्रत आहे, असे रामाचे त्यावर उत्तर आहे. आपल्या समाजाने ह्या वादाचा निकाल आजतागायत लावलेला नाही. सात चिरंजीवांत आपण बिभीषणाची गणना करतो, आणि घरचे गुपित कोणी बाहेर फोडले म्हणजे त्यास 'घरचा बिभीषण' म्हणून हिणवतोही.

तथापि बिभीषणाच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे. तो जुलमी राजास सोडून न्यायी राजाकडे गेला. ह्याच्या उलट कोणी केले तर? जेथे मनुष्यास बोलण्याची, लिहिण्याची, राज्यकर्ते बदलण्याची व नको झाल्यास देश सोडून जाण्याची मोकळीक आहे, असा देश आपण होऊन सोडून, जेथे ह्यांपैकी काहीही नाही अशा देशाच्या दारावर जाऊन कोणी थाप मारली, तर त्या मनुष्याविषयी आपण काय समजावे? त्याचे पुढे काय होते? आणि ज्यांना तो मागे टाकून गेला त्यांचे त्याच्याविषयी काही कर्तव्य उरते काय? ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. पैसे घेऊन शत्रूस बातम्या विकणाऱ्या हेराचा प्रश्न येथे नाही. त्याच्या वर्तनाचा उलगडा लोभाने होतो व त्यास तत्त्वविचाराची गरज लागत नाही. प्रश्न आहे तो अशा माणसाचा, की जो विचारांती किंवा अविचाराने, परंतु स्वतःच्या पायांनी चालत पलीकडे गेला.

असे लोक फार नाहीत. हुकूमशाहीतून निसटून मोकळ्या देशात येणाऱ्यांच्या रांगा लागलेल्या जगाने पाहिल्या. उलट दिशेने जाणारे मात्र मोजके. म्हणूनच त्यांची उदाहरणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. त्यांतील सर्वांत बोधप्रद असे जे एक आहे, त्याच्याशी आपल्या देशाचा व एका मराठी सेनानीचा निकटचा संबंध आला होता. परंतु आज ते आपल्याकडे बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे.

कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी तहकूब झाले. तहाची बोलणी ज्या एका मुद्द्यावर दीर्घकाळ अडून राहिली होती, तो मुद्दा युद्धकैद्यांचा होता. ज्या कैद्यांस मायदेशी परत जावयाचे नाही, त्यांस बळाने परत पाठवावे काय? अखेर असे ठरले की, अशा कैद्यांस एका तटस्थ मंडळाच्या हवाली करावे, नव्वद दिवसपर्यंत त्यांच्या त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांची समजूत घालून पाहावी, आणि मग ज्याने त्याने आपला निर्णय घ्यावा. मंडळात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व भारत हे पाच देश होते. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्या ह्यांच्याकडे होते. आणि कैद्यांच्या प्रत्यक्ष पहाऱ्यासाठी जे भारतीय सैन्य गेले त्याचे आधिपत्य मेजर जनरल शंकरराव थोरात ह्यांच्याकडे होते.

थोरातांच्या सैन्यापुढे जे काम होते, त्याची अवघड जात लक्षात घेण्यासारखी आहे. बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी एका बाजूस होते, आणि दुसऱ्या बाजूस ३५९ होते. त्यांत ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन व एक इंग्रज. ह्या सर्वांस तारेच्या कुंपणात ठेवून विचारावयाचे काय, तर 'तू मोकळेपणाने ठरव.' कुंपणाच्या आत तर मोकळेपणा कोठेच नव्हता. कैद्यांनी आपापसांत टोळ्या बांधल्या होत्या, त्यांचे पुढारी होते, घोषणा होत्या. परत जाण्याची इच्छा ज्याने बोलून दाखविली त्यास त्याच्याच सोबत्यांनी मारहाण करावी, आणि काही प्रसंगी ठारही मारावे, असे प्रकार घडले. कित्येक कैदी रात्री कुंपणावरून उड्या टाकून भारतीय पहारेकऱ्यांपाशी आले व आम्हांस घरी पाठवा म्हणाले. एकदा तर कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यासच आत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले व त्यास सोडवून घेऊन आले. दहा हजारांच्या वर चिनी कैदी ह्या सर्व खटाटोपाअंती तैवानात गेले, ही गोष्ट पाश्चात्य देशांत स्वातंत्र्याचा विजय म्हणून गाजली. परंतु त्या वेळच्या तैवानात लष्करी कायदा चालू होता व तो १९८७ पर्यंत उठला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. एका हुकमतीतून दुसऱ्या हुकमतीत जाणे ह्यास स्वातंत्र्य हे नाव देताना मनुष्याने थोडे थांबावे. ज्यांना दोन्ही बाजू नकोत असे ८८ कैदी निघाले. त्यांस भारतीय सैन्याने परतताना मद्रासेस आणले, आणि पुढे त्यांतील पुष्कळजण ब्राझील व अर्जेंटिना ह्या देशांत जाऊन स्थायिक झाले.

परंतु जगाचे डोळे लागले होते ते त्या तेवीस अमेरिकन तरुणांकडे. जगातील सर्वांत धनाढ्य व स्वतःस स्वातंत्र्याचे माहेरघर म्हणविणाऱ्या देशाच्या ह्या मुलांनी माओच्या चीनमध्ये जाण्याचे ठरविले होते! अमेरिकेस हा अपमान असह्य झाला. ह्यांच्या मेंदूची कैदेत धुलाई झाली असली पाहिजे, ह्यांना अक्कल नाही, ही भ्याड आहेत, अशी नाना कारणे वर्तमानपत्रांनी शोधून काढली. आपल्या देशात ज्याने एखादा मनुष्य कंटाळावा असे काही असू शकेल, ही शंका मात्र फार थोड्यांस आली. एकाची आई मिनेसोटातील आपल्या गावाहून निघून तोकियोपर्यंत येऊन पोहोचली. परंतु सैन्याच्या अधिकाऱ्यांनी तिला पुढे जाऊ दिले नाही, आणि मुलाने आपण परत येणार नाही असे पत्राने कळविले. मुदतीच्या आत दोघांनी विचार बदलला. उरले एकवीस. जानेवारी १९५४ च्या अखेरीस ते उत्तरेकडे निघून गेले.

ह्या एकविसांत तिघे कृष्णवर्णी होते. त्यांपैकी मेम्फिस शहरच्या क्लॅरेन्स ॲडम्स ह्याची हकीकत आम्हांस विशेष विचार करावयास लावणारी वाटते. ज्या शहरात तो वाढला तेथे बसमध्ये, शाळेत, खाणावळीत काळ्यांची जागा निराळी होती. कोरियात त्याची तोफखान्याची तुकडी सर्व काळ्या शिपायांची होती, आणि गोऱ्या तुकड्यांस माघार घेता यावी म्हणून आपल्या तुकडीचा बळी देण्यात आला, असे त्याचे म्हणणे होते. परत जाऊन पुन्हा त्याच पायरीवर उभे राहण्यापेक्षा आपणांस माणूस म्हणून वागवतील असे जे म्हणतात त्यांच्याकडे जावे, असे त्याने ठरविले. आणि हेही सांगितले पाहिजे की, चीनने त्यास काही काळ तरी तसे वागविले. तो तेथे विद्यापीठात शिकला, एका चिनी बाईशी त्याचा विवाह झाला, मुले झाली, पेकिंगच्या परभाषा प्रकाशनगृहात भाषांतरकाराची नोकरी मिळाली. मेम्फिसमध्ये त्यास ह्यांतले काय मिळाले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस असे वाटते की, असा मनुष्य बहुधा कोठे तरी जात नसतो; तो कोठून तरी निघत असतो. पलीकडच्या देशाविषयी त्याचे ज्ञान फार थोडे असते. घरच्या दुःखाविषयीचे मात्र पुरेपूर असते. पलीकडचा देश हा त्याच्या दृष्टीने देश नसून घरच्या दुःखाचे उलटे केलेले चित्र असते. येथे अपमान, म्हणून तेथे मान. येथे गोंधळ, म्हणून तेथे शिस्त. १९६२ ते १९६५ ह्या काळात चार अमेरिकन शिपाई दक्षिण कोरियातील आपल्या चौक्या सोडून उत्तर कोरियात गेले; त्यांतील ड्रेसनॉक हा आईबापांवाचून वाढलेला, बायकोने टाकलेला आणि खोट्या परवान्याच्या अपराधाबद्दल लष्करी खटल्याच्या दारात उभा असलेला असा तरुण होता. चार्ल्स जेंकिन्स ह्यास आपली रवानगी व्हिएतनामच्या युद्धावर होईल अशी धास्ती होती. जानेवारी १९६५ मधील एका रात्री बरीच बिअर पिऊन त्याने सरहद्द ओलांडली. आपणांस रशियनांच्या हवाली करतील व तेथून आपण अदलाबदलीत घरी पोहोचू, असा त्याचा हिशेब होता. मार्क्सचे एक पानही ह्यांपैकी कोणाच्या निर्णयास कारण झाल्याचे दिसत नाही. केंब्रिजमध्ये शिकलेले बर्जेस, मॅक्लीन व फिल्बी हे इंग्रज मात्र खरोखरच मतासाठी रशियाशी बांधले गेले होते. परंतु १९५१ मध्ये पहिल्या दोघांनी व १९६३ मध्ये तिसऱ्याने मॉस्कोचा रस्ता धरला तो मताच्या ओढीने नव्हे, तर हेरगिरी उघडकीस येऊ लागली म्हणून. मत त्यांनी तीस वर्षे लंडनच्या आरामखुर्चीत सांभाळले असते.

आता दुसरा प्रश्न. पलीकडे गेल्यावर काय होते? वर्णने निरनिराळी असली तरी त्यांतील एक सूत्र कायम आहे. ज्या देशात लोकांनी राज्यकर्त्यांविषयी आपले खरे मत सांगावयाचे नसते, त्या देशास बाहेरून आलेल्या मनुष्याच्या तोंडून निघालेली स्तुती ही फार मोलाची वस्तू असते. म्हणून पहिले काही दिवस त्याचा मोठा गौरव होतो. सभा भरतात, छायाचित्रे निघतात, त्याचे निवेदन छापले जाते. परंतु निवेदन एकदाच करता येते. ते होऊन गेले की त्या मनुष्याजवळ देण्यासारखे काही राहत नाही. आणि ज्याने एक देश सोडला तो दुसराही सोडील ही सुग्रीवाची शंका मात्र राज्यकर्त्यांच्या मनात राहते. मग तो पाहुण्याचा आश्रित होतो, आश्रिताचा कैदी होतो. आपली तक्रार तो कोणापाशी सांगणार? आपण येथे आलो हेच त्याचे एकमेव भांडवल. आपण चुकलो असे म्हणताक्षणी तेही बुडाले.

जेंकिन्स व त्याचे तिघे सोबती ह्यांस वर्षानुवर्षे एका लहानशा घरात ठेवून किम इल-सुंग ह्याचे ग्रंथ तोंडपाठ करावयास लावले. १९६६ मध्ये ह्या चौघांनी रशियन वकिलातीत जाऊन आश्रय मागितला. तेथून त्यांस परत लावून देण्यात आले. जेंकिन्सच्या हातावर अमेरिकन सैन्याचे नाव गोंदलेले होते. ती अक्षरे भूल न देता कापून काढली, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. सरकारी चित्रपटांत दुष्ट अमेरिकनाचे काम करण्यास त्यांना उभे करीत. म्हणजे ज्या राष्ट्राचा त्याग करून ते आले होते, त्याच राष्ट्राचे सोंग जन्मभर वठविणे हाच त्यांचा तेथील उपयोग! १९८० मध्ये जेंकिन्सचा विवाह एका जपानी तरुणीशी झाला. ती आपल्या पायांनी आलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी उत्तर कोरियाच्या हस्तकांनी तिला जपानच्या सादो बेटावरून उचलून आणले होते. स्वेच्छेने आलेला तो आणि बळाने आणलेली ती, ह्यांच्या स्थितीत त्या घरात कोणताच भेद राहिला नव्हता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ती दोघे रोज रात्री निजण्यापूर्वी एकमेकांस निरोपाचे शब्द एकमेकांच्या भाषेत म्हणत. तो जपानीत म्हणे, ती इंग्रजीत म्हणे. आपण मुळचे कोण ह्याचा विसर पडू नये म्हणून. २००२ मध्ये तिची सुटका झाली, २००४ मध्ये तो मुलींसह बाहेर पडू शकला. चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या अपराधाबद्दल तो जपानमधील अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे हजर झाला. त्यास तीस दिवसांची शिक्षा झाली. पुढे तो पत्नीच्या बेटावर राहिला आणि तेथेच २०१७ मध्ये वारला.

ह्याहून भयंकर शेवट आपल्याच एका देशबांधवाचा झाला. सरोजिनी नायडू ह्यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय ह्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी अर्धे आयुष्य युरोपात काढले. १९२१ मध्ये बर्लिनहून जी क्रांतिकारकांची मंडळी मॉस्कोस गेली, तिच्यात ते होते आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे तेथून बाहेर पडून १९२४ मध्ये मेक्सिकोस गेले. गहू व मका ह्यांवरील संशोधनाने त्यांनी तेथे नाव मिळविले, स्वतंत्र भारतात परत आले, आणि १९६७ मध्ये नागपूरला त्यांचा अंत झाला. वीरेंद्रनाथ १९३१ च्या सुमारास पुन्हा रशियात गेले व लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करू लागले. १९३७ च्या जुलैत त्यांस अटक झाली आणि २ सप्टेंबर रोजी गोळी घालण्यात आली. अवनी मुखर्जी ह्यांचाही त्याच वर्षी असाच अंत झाला. ह्यांस आम्ही देशत्याग करणाऱ्यांच्या पंक्तीत बसवीत नाही; परक्या सत्तेमुळे ज्यांना स्वतःचे घरच राहिले नव्हते, असे ते आश्रयार्थी होते. परंतु म्हणूनच त्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. हेतू निर्मळ असो की क्षुद्र, यजमानास त्याची पर्वा नव्हती. न्यायासाठी धावणारा आणि खटल्यास भिऊन पळणारा ह्यांस एकाच दारातून आत घेतले, आणि ते दार दोघांच्याही मागे लागले.

येथे न्यायबुद्धीने एक आक्षेप स्वतःवर घेतला पाहिजे. ड्रेसनॉक परत आला नाही. २००६ मध्ये इंग्रज चित्रकारांनी त्याच्यावर काढलेल्या बोलपटात तो सांगतो की, आपण येथे सुखी आहोत, दुष्काळातही सरकारने आपणांस उपाशी ठेवले नाही. तो २०१६ मध्ये तेथेच वारला. एकवीस अमेरिकनांपैकी व्हेनेरिस हा चीनच्या शांतुंग प्रांतातील एका कागदाच्या गिरणीत कामगार म्हणून राहिला, तेथे रमला, व २००४ मध्ये तेथेच मेला. मग ह्यांचे सुख खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? कोणी भाकरीस, कोणी निश्चिंतीस, कोणी बरोबरीच्या वागणुकीस स्वातंत्र्याहून अधिक मानले, तर त्यात नीतिदृष्ट्या दोष कोणता?

आमचे उत्तर असे की, त्यांचे सुख खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ते खरे म्हणण्याचे साधनही कोणास नाही, आणि दोष आहे तो येथेच. ज्या मनुष्यास 'मी दुःखी आहे' असे म्हणण्याची सोय आहे, त्याच्याच 'मी सुखी आहे' ह्या वाक्यास अर्थ असतो. नाही म्हणता येत नसेल तेथे होकाराची किंमत शून्य होते. ड्रेसनॉक कदाचित खरेच बोलत असेल. पण त्याच्या यजमानांनी त्याचे खरे बोलणेही निरुपयोगी करून टाकले होते. हुकूमशाही मनुष्याचे पुष्कळ काही हिरावून घेते, त्यांत त्याची साक्ष ही एक वस्तू आहे, आणि तिचे मोल आपण सहसा करीत नाही.

मिल्लने 'स्वातंत्र्य' ह्या १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शेवटच्या प्रकरणात असा प्रश्न काढला आहे की, एखाद्याने आपण होऊन स्वतःस गुलाम म्हणून विकले, तर तो करार समाजाने मान्य करावा काय? मनुष्यास आपल्या मर्जीप्रमाणे वागू द्यावे असे जन्मभर सांगणारा हा तत्त्वज्ञ येथे नकार देतो. कारण, अशा कराराने मनुष्य पुढील सर्व निवडी एकाच निवडीत संपवून टाकतो, आणि ज्या तत्त्वाच्या आधारे त्याने ती निवड केली ते तत्त्वच त्यात मरते. आगरकरांच्या वाचकांस ही विचारसरणी अपरिचित नाही. आम्ही तीत एवढीच भर घालू इच्छितो की, मोकळ्या देशात व एकतंत्री देशात खरा भेद सुखाचा नाही, संपत्तीचा नाही, किंबहुना न्यायाचाही नाही. मेम्फिसमध्ये न्याय नव्हता हे आम्ही वर मान्यच केले आहे. भेद आहे तो चूक दुरुस्त करण्याच्या शक्यतेचा. एके ठिकाणी मनुष्याची निवड चुकली तर त्यास दुसरी करता येते, राष्ट्राची चुकली तर त्यासही करता येते. दुसऱ्या ठिकाणी निवड एकदाच होते. ॲडम्सच्या मेम्फिसमध्ये पाट्या होत्या, पण त्या उतरविण्यासाठी लोक रस्त्यावर येऊ शकले व त्या उतरल्या.

ह्यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. गेलेल्याविषयी मागे राहिलेल्यांचे कर्तव्य काय? प्लेटोच्या 'क्रीटो' संवादात सॉक्रेटिसासमोर अथेन्सचे कायदे मनुष्यरूपाने उभे राहून त्यास म्हणतात की, स्पार्टा व क्रीट येथील राज्यव्यवस्थांची तू नेहमी वाखाणणी करीत असस. हे नगर तुला आवडत नव्हते तर तिकडे निघून जाण्यास तुला सत्तर वर्षे मोकळीक होती. ह्या युक्तिवादाचा एक अर्थ असा होतो की, ज्या नगराने जाण्याचे दार उघडे ठेवले त्यालाच राहणाऱ्याकडून निष्ठा मागता येते. आम्ही पुढे जाऊन असे म्हणतो की, परतीचे दारही त्याने उघडे ठेविले पाहिजे. अन्यथा त्याचा मोकळेपणा अर्धाच होय.

ह्या कसोटीस अमेरिका कितपत उतरली? मुदतीच्या आत ज्या दोघांनी विचार बदलला, त्यांस आपण आता क्षमेस पात्र झालो असे वाटले असेल. परंतु ते अद्याप सैन्यात असल्यामुळे त्यांच्यावर लष्करी खटले झाले; एकास दहा वर्षांची व दुसऱ्यास प्रथम जन्मठेपेची व मग कमी होऊन वीस वर्षांची शिक्षा झाली; काही वर्षे तुरुंगात काढल्यावर दोघेही सुटले. उलट जे एकवीस खरोखरच गेले, त्यांची नावे सैन्याने रागाच्या भरात पटावरून काढून टाकली. १९५५ मध्ये त्यांतील तिघे परतले तेव्हा त्यांस पकडण्यात आले. पण ज्यांना सैन्यातून काढले त्यांच्यावर लष्करी खटला चालत नाही, म्हणून सोडून द्यावे लागले! लवकर पश्चात्ताप झालेल्यास तुरुंग आणि उशिरा झालेल्यास सुटका, असा हा विचित्र न्याय झाला. पुढे त्या तिघांनी कैदेत असतानाच्या काळाचा थकलेला पगार मागितला. सर्व देश ज्यांना द्रोही म्हणत होता त्यांचा हा दावा ऐकून लोकांनी कपाळास हात लावला असेल. परंतु १९६१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातून काढले जाईपर्यंतचा पगार त्यांस मिळाला पाहिजे असा निकाल दिला. त्यांच्या वर्तनाचे कौतुक न्यायाधीशांस नव्हते. कायद्याने जे कोणाचे ठरले आहे ते लोकांच्या तिरस्कारामुळे हिरावून घेता येत नाही, एवढेच त्यांनी पाहिले. ह्या एका निकालाने मोकळ्या राज्याची बाजू जितकी उजळली, तितकी ती तेवीसच्या तेवीस तरुणांस समजावून परत आणल्यानेही उजळली नसती, असे आमचे मत आहे.

एकविसांपैकी बहुतेक सर्वजण हळूहळू परतले. चीनने त्यांस परत जाऊ दिले, ही गोष्ट त्या राज्याच्या बाजूने नोंदली पाहिजे. उत्तर कोरियाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. ॲडम्स १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठत असता, बायकामुलांसह मेम्फिसला आला. व्हिएतनाममधील काळ्या शिपायांस उद्देशून त्याने पूर्वी नभोवाणीवरून भाषण केले होते, म्हणून एका संसदीय समितीने त्याची चौकशी केली. लोकांनी त्यास दूषणे दिली, नोकरी देण्यास कोणी तयार होईना. कालांतराने त्याने व त्याच्या पत्नीने चिनी पदार्थांची खाणावळ काढली, ती चालली, तिच्या आणखी शाखा निघाल्या. १९९९ मध्ये तो आपल्या जन्मगावीच वारला. आपण केले ते चूक होते असे त्याने कबूल केले नाही, आणि कबूल केल्यावाचूनही त्यास आपल्या गावात राहता आले. परतणाऱ्याकडून घराने मागण्यासारखे जे कमीत कमी आहे, ते बहुधा इतकेच असावे.

आमच्या इतिहासातही ह्याचे एक थोर उदाहरण आहे. नेताजी पालकर महाराजांस सोडून गेला, मोगलांकडे धर्मांतर करून काबूलच्या मोहिमेपर्यंत पोहोचला, आणि दहा वर्षांनी १६७६ मध्ये परत आला. शिवाजीमहाराजांनी त्यास शुद्ध करून घेतले. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने अशी वाट नव्हतीच. महाराजांनी ती पाडली.

शेवटी एक गोष्ट आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांविषयी. आमच्यापैकी फारच थोडे कधी सरहद्द ओलांडून जातील. परंतु सायंकाळी चहा घेता घेता, 'येथे काही सुधारावयाचे तर एकच चाबूक पाहिजे', 'अमक्या देशात पाहा कशी शिस्त आहे', असे उद्गार कोणत्या घरी निघत नाहीत? ह्या उद्गारांमागे चीड असते व ती बहुधा रास्त असते. क्लॅरेन्स ॲडम्सची चीडही रास्त होती. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, असे बोलताना आपणही मनाने ती सरहद्द ओलांडीत असतो, आणि येथून दिसते ते तेथील चित्र नसून आपल्या चिडीची सावली असते. तेव्हा त्या देशाच्या शिस्तीविषयी, रस्त्यांविषयी, धान्याच्या भावाविषयी चौकशी करण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी: तेथे गेलेला मनुष्य, आपण चुकलो असे मोठ्याने म्हणून, दिवसाढवळ्या परत येऊ शकतो काय? आणि तो परत आलाच, तर त्यास 'घरचा बिभीषण' न म्हणता आत घेण्यास आपण तयार आहोत काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने द्यावयाचे आहे, दुसऱ्याचे आपण.